‘बुडाले’ की ‘बुडवले’? : इतिहासाच्या पाठ्यपुस्तक समितीस खुले पत्र

मा. सदस्य,
इतिहास पाठ्यपुस्तक समिती यांस,

स. न. वि. वि.

मी खामगाव तालुक्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. आता निवृत्त आहे. हे पत्र खाजगी टपालाने न पाठवता उघड लिहिते आहे, कारण यातला विषय कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक गावाचा आहे, आणि कापूस न पिकवणाऱ्या गावांनीही तो वाचावा अशी माझी इच्छा आहे.

आठवीचा वर्ग होता. आधीच्या तासाला मी मराठीत प्रयोग शिकवले होते. कर्तरी, कर्मणी, भावे. पुढचा तास इतिहासाचा. इंग्रजी राजवटीचे परिणाम हा धडा, आणि त्यात या अर्थाचे एक वाक्य : येथील हस्तोद्योग बुडाले, कारागीर बेकार झाले. मी वाक्य वाचून पुढे गेले. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, बुडाले का बुडवले? याच्यात कर्ता कोन हाये?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘बुडणे’ हे अकर्मक क्रियापद. नाव बुडते, सूर्य बुडतो, मूल नदीत बुडते. कोणी काही केलेले नसते, होऊन जाते. वर्षानुवर्षे मी ते वाक्य शिकवत आले होते आणि त्याचे व्याकरण एकदाही तपासले नव्हते.

तो मुलगा कोष्ट्याच्या, म्हणजे विणकराच्या, घरातला. बाप हंगामात कापसाच्या बाजारात हमाली करायचा, एरवी मिळेल त्या वावरात मजुरी. दुसऱ्या दिवशी पोराने दप्तरातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. धोटा. मागावर ताण्यातून आडवे सूत इकडून तिकडे फेकतात तो. वीत-दीड वीत लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता, मधे कांडी बसवायला खोबण. लाकूड इतके गुळगुळीत झालेले की काचेवरून बोट फिरावे तसे वाटत होते. त्यावर हळदकुंकवाचे थर होते, काही ताजे, काही काळे पडलेले. घरात माग नव्हता. त्याच्या आजीनेही माग चालताना पाहिलेला नव्हता. पण दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत विळा, कुऱ्हाड, वखराची पास यांच्या शेजारी हा धोटा मांडला जायचा. कशासाठी, ते घरात कोणाला सांगता येत नव्हते. आपला आहे, एवढेच ठाऊक.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले : जुनी गॅझेटियरे, अहवालांतले उतारे, अभ्यासकांचे लेख. त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर आहे. वाक्याला कर्ता आहे, कर्म आहे, तारखा आहेत, आणि आमच्या भागापुरता एक असा कागदही आहे ज्यात कर्त्याने आपला हेतू आपल्याच हाताने लिहून ठेवला आहे.

आधी तारखा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, हे आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने रेल्वेविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. त्यात तो मोकळेपणाने सांगतो की इंग्लंड कापसासाठी हाका मारते आहे. हिंदुस्थानात तो आताही थोडाफार पिकतो. दूरच्या मैदानांपासून बंदरापर्यंत वाहतुकीची सोय झाली तर हवा तेवढा आणि हवा तसा पिकेल. विलायती मालाला आतल्या बाजारांत गिऱ्हाईक मिळेल, हेही त्यात आहे. आणि २१ मे १८५३ ला निजामाशी तह होऊन वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. कारण दाखवले होते थकबाकीचे. निजामाच्या नावाने उभ्या असलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला होता.

आगगाडी, टिपण, तह. पस्तीस दिवस. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. हा सगळा एकाच कटाचा भाग होता असे मी म्हणत नाही. फौजेच्या खर्चाचे भांडण जुने होते, आणि रेल्वेचा करार त्याहून आधीचा. पण १८५६ मध्ये जाताना आपल्या कारकिर्दीचा आढावा लिहिताना डलहौसीनेच या दोन प्रांतांचे महत्त्व सांगितले आहे : हिंदुस्थानातला उत्तमातला उत्तम कापसाचा मुलूख हाती आला आणि ब्रिटिश राष्ट्राची एक मोठी गरज भागवण्याची वाट खुली झाली. आपल्या पुस्तकांत पहिली आगगाडी ‘दळणवळणाच्या सोयी’ या मथळ्याखाली येते आणि वऱ्हाड ‘साम्राज्यविस्तार’ या मथळ्याखाली. दोन मथळ्यांमध्ये कधी पाच पाने असतात, कधी दहा. मुलाला ती पाने ओलांडून दोहोंचा दुवा जोडता येत नाही.

वऱ्हाडचा कापूस त्याआधी बाहेर जात नव्हता असे नाही. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर तो लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत आणि येताना मीठमसाला आणत. पण बराचसा कापूस इथेच राहायचा, इथेच कातला जायचा, इथेच विणला जायचा. अकोट-बाळापूरकडच्या सतरंज्या, पगड्या, लुगडी. नागपुराकडची कोष्ट्यांची पातळे. आमच्याकडच्या बनी या जुन्या वाणाचा धागा नाजूक असे. हिंगणघाटच्या कापसाला तर पुढे लिव्हरपूलच्या बाजारातही मान होता.

मँचेस्टरची चिंता वेगळी होती. तिथल्या गिरण्यांना लागणारा कापूस जवळजवळ चार-पंचमांश अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, गुलामांच्या हातचा. एकाच दुकानावर विसंबून राहणे धोक्याचे, हे गिरणीवाल्यांना दिसत होते. १८४० मध्ये अमेरिकेतले मळेवाले आणून हिंदुस्थानात प्रयोग झाले, १८४८ मध्ये पार्लमेंटची चौकशी समिती बसली, १८५७ मध्ये मँचेस्टरला कापूस पुरवठ्यासाठी खास संघटना निघाली. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. तिथले मजूर उपाशी राहिले. इथे मला त्या मजुरांबद्दल थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८६२ च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामकऱ्यांनी सभा घेऊन लिंकनला पत्र पाठवले की आमची चूल विझली तरी चालेल, गुलामगिरी संपली पाहिजे. लिंकनने त्यांना उत्तरही लिहिले. मुलांना साम्राज्य शिकवताना हेही शिकवावे. कर्ता शोधायचा म्हणजे ‘इंग्रज’ एवढा एक शब्द लिहून मोकळे व्हायचे नाही. कोणते इंग्रज, हेही विचारायचे.

इकडे मात्र कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत पैशांचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअर रातोरात दुप्पट झाले आणि १८६५ मध्ये सगळे कोसळले. ती कथा मुंबईच्या इतिहासात सांगितली जाते. गावाकडची कमी सांगितली जाते. शेतकऱ्यांनी ज्वारीची वावरे मोडून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली. सावकाराने हात सैल केला. याच काळात, १८६३ मध्ये, कापसात भेसळ केल्यास शिक्षा देणारा कायदा मुंबई इलाख्यात झाला; कच्चा माल कसा असावा हे ठरवायला विलायतेतला गिऱ्हाईक कायद्याच्या रूपाने इथे येऊन बसला. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परत आला, भाव पडले. आगगाडी आमच्या वऱ्हाडातून नागपूरला पोचली ती १८६७ मध्ये. म्हणजे तेजी ओसरून गेली आणि मग रूळ आले. शेतसारा रोख होता, तो भावाबरोबर खाली आला नाही. कर्जही खाली आले नाही.

आता तो कागद. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी सरकारने १८६० च्या दशकात एक खास अधिकारी नेमला, कॉटन कमिशनर. त्याचे नाव रिव्हेट-कार्नॅक. कापसाचे उत्पादन, वाहतूक, प्रतवारी हे त्याचे काम. खामगावला जोडणाऱ्या रेल्वेच्या फाट्याचा विचार चालू असताना त्याने आपल्या अहवालात एक आशा व्यक्त केली. तिचा आशय असा : फाटा झाला तर विलायती कापड इतक्या स्वस्तात आणता येईल की देशी कापड त्यापुढे टिकणार नाही. मग दोन गोष्टी होतील. आज इथे सूत काढण्यात खर्च होणारा कापूस निर्यातीला मिळेल. आणि आज कताई-विणकामात गुंतलेली मोठी लोकसंख्या शेतमजुरीसाठी मोकळी होईल, तिच्या हातून जंगल मोडून लागवड वाढवता येईल.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसले. त्या मुलाचा बाप डोळ्यांपुढे आला, हमालीचा हूक खांद्यावर टाकून निघालेला. चार पिढ्यांपूर्वी एका टेबलावर कोणीतरी त्याच्या घराचा हिशेब मांडला होता : इतके विणकर, बरोबर इतके मजूर. त्यात द्वेष नाही, राग नाही, हे जास्त भयंकर वाटले. साध्या सोयीचा विचार आहे. बैल या वावरातून सोडून त्या वावरात जुंपावा, तसा.

खामगावचा फाटा झाला. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी इथे आला. जलंब ते खामगाव, जेमतेम तेरा किलोमीटर. हा मार्ग आजही आहे. आमच्या शाळेतली मुले त्याच स्टेशनावरून शेगावला जातात. व्हाइसरॉय कलकत्त्याहून इतक्या लांब तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी का येईल, हा प्रश्न आठवीच्या मुलाला विचारून पाहा. उत्तर शोधताना तो अख्खे एकोणिसावे शतक पालथे घालील. पुढच्या वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. नकाशावर हे फाटे पाहिले की झाडाच्या मुळांसारखे दिसतात, प्रत्येक मूळ एकेका कापसाच्या बाजारात शिरलेले, आणि खोड मुंबई बंदरात.

या रुळांवरून जो डबा कापसाच्या गाठी घेऊन गेला तोच विलायती कापडाचे तागे घेऊन आला. याचा पहिला घाव विणकरावर पडला असे आपण समजतो. माझ्या मते पहिला घाव पडला बायांवर, आणि त्यांची नोंद जवळजवळ कुठेच नाही. माग चालवणे हा काही जातींचा धंदा होता, पण सूतकताई घरोघर चाले. शेतकऱ्याची बायको, विधवा सासू, लग्न न झालेली लेक, सगळ्यांच्या हाताला रिकाम्या वेळात चरखा असे. एका मागाला पुरेल इतके सूत काढायला कितीतरी चरखे लागत. ते सूत विकून आलेले चार पैसे बाईचे असत. गिरणीचे सूत आले आणि ही कमाई गेली. ती गेल्याचा मोर्चा निघाला नाही, दंगा झाला नाही. चरखा माळ्यावर गेला आणि बाई वावरात गेली, निंदायला, वेचायला, दुसऱ्याच्या रोजाने.

मी वर्गात एक प्रयोग करत असे. नोव्हेंबरात, घरोघरी वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन गेली की प्रत्येक मुलाने एकेक फुटलेले बोंड आणायचे. आधी नखांनी सरकी वेगळी करायची. मग रुई बोटांनी विंचरून मऊ करायची, तिचा पेळू वळायचा, आणि टकळीवर निदान हातभर तरी सूत काढून दाखवायचे. पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही. धागा तुटतो, पुन्हा जोडायचा, पुन्हा तुटतो. तासाभरात वर्गभर कापूस उडतो, मुलांच्या केसांत, भुवयांत. दोन-चार दिवसांनी एखाद्या मुलीच्या बोटांना ते जमून जाते आणि ती ओरडते, “बाई, निघालं!” कापूस पिकवणाऱ्या गावातली मुले, जन्मभर कापसात लोळलेली, आणि त्यांनी कापसातून सूत निघताना उभ्या आयुष्यात पाहिलेले नसते. दीडशे वर्षांत काय झाले ते मला यापेक्षा चांगले सांगता येत नाही.

यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल की बाई, यंत्रापुढे हात हरणारच होता. खरे आहे. इंग्लंडातले हातमागवालेही यंत्राने देशोधडीला लागले. पण त्यांच्या पोरांना गिरणीत काम मिळाले, आणि गिरणी त्याच गावात होती. शिवाय ज्या शर्यतीबद्दल आपण बोलतो तिचे नियम एकाच पक्षाने लिहिले. इंग्लंडने आपली गिरणी उभी राहण्याआधी, १७०० आणि १७२१ मध्ये, कायदे करून हिंदी सुती कापडाला दार बंद केले होते. आपल्याकडे गिरण्या उभ्या राहू लागल्या तेव्हा काय झाले? नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद जाहीर केले त्याच दिवशी. पाच वर्षांत, १८८२ मध्ये, विलायती कापडावरची आयात जकात उठवली गेली. पुढे तिजोरीत खड्डा पडला म्हणून १८९४ मध्ये ती पुन्हा बसवली, तर लँकेशायरने आरडाओरडा केला. १८९६ मध्ये जकात शेकडा साडेतीनवर आणली आणि तेवढाच अबकारी कर हिंदी गिरण्यांच्या कापडावर लादला. आपल्याच देशात, आपल्याच कापसाच्या, आपल्याच माणसांनी विणलेल्या कापडावर, फक्त परक्या कापडाला त्रास होऊ नये म्हणून कर. तो १९२५ च्या डिसेंबरापर्यंत चालला.

पुण्यात हे तेव्हाच ओळखले गेले होते. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी नेसून गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० च्या दशकात सांगितले की हा देश म्हणजे परक्यांचा मळा होत चालला आहे. कच्चा माल इथे पिकतो, त्यांच्या जहाजांतून जातो, त्यांच्या भांडवलाने कापड होतो आणि परत आपल्यालाच विकला जातो. रानडे आपल्या पुस्तकांत समाजसुधारक म्हणून येतात, आणि आलेच पाहिजेत. हे रानडेही यावेत.

मग अन्नाचे काय झाले? जुन्या वाड्यांत, गढ्यांत तुम्ही ‘पेव’ पाहिले असेल. जमिनीत खोल खणलेले, आतून लिंपलेले ज्वारीचे कोठार. एक साल पडले तर पेव उघडायचे. कापूस वाढला, ज्वारी मागे हटली, आणि जी ज्वारी पिकली तीही भाव जिकडे असेल तिकडे रुळावरून जाऊ लागली. पेवे रिती झाली. मग १८९६-९७ चे टंचाईचे वर्ष आले, आणि त्यामागून १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला जुनी माणसे (विक्रम संवत १९५६ वरून) छप्पनचा काळ म्हणत. रेल्वे होती. बाजार होते. ज्याच्या हातात पैसा होता त्याला धान्य होते. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढायला हवी ती जवळजवळ दीड लाखाने घटली. यात पटकी आहे, ताप आहे, गाव सोडून गेलेली माणसे आहेत. पण ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणत होतो तो हा मुलूख.

मी तुमच्याकडून एकांगी धडा मागत नाही. रेल्वेने खामगाव-अमरावतीला बाजार दिले, त्या बाजारांतून शाळा, वाचनालये, पुढारी निघाले. जमीनमोजणीच्या सर्व्हेमुळे खातेदाराला जमिनीवर नावाचा हक्क मिळाला. विणकर पुरते नामशेष झाले नाहीत. नागपूरकडचे कोष्टी गिरणीचे सूत घेऊन चिवटपणे माग चालवत राहिले. पडलेल्या भावात शेतकऱ्याची जमीन लिहून घेणारा सावकार बहुतेक वेळा इथलाच होता, आपल्यापैकी कोणाचा तरी आजा-पणजा. तेही सांगा. आणि आजच्या शेतकऱ्याच्या प्रत्येक दुःखाचे खापर दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबावर फोडणेही मला मान्य नाही. स्वतंत्र होऊन आपल्याला बराच काळ लोटला आहे.

पण खुणा अजून जित्या आहेत, त्या मुलांना ओळखता आल्या पाहिजेत. कापसातून सरकी काढणाऱ्या कुठल्याही जिनिंगमध्ये जाऊन रुईचा भाव विचारा. उत्तर खंडीत मिळते. खंडी म्हणजे किती? ३५६ किलो. असा अडनिडा आकडा का? कारण मुंबईच्या कापूस बाजारात खंडी ७८४ पौंडांची ठरली होती, म्हणजे बरोबर सात इंग्रजी हंड्रेडवेट (एक हंड्रेडवेट ११२ पौंडांचे). खंडी हा शब्द आपला, तिच्या आतले वजन जहाजावर माल चढवणाऱ्याच्या सोयीचे. आपण किलो आणले, रुपये-पैसे दशमान केले, आणि आमचा कापूस अजून त्याच मापाने मोजला जातो. गणिताच्या तासाला हे उदाहरण घालता येईल की नाही, सांगा.

दुसरी खूण शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी कापूस वाहायला बांधली गेली. तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरला बनलेले, ते १९९४ पर्यंत धावत होते. आमच्या पिढीला या गाडीचा फार लळा. हात दाखवला की थांबायची, लग्नाचे वऱ्हाड, आजारी माणूस, दुधाचे कॅन, सगळ्यांना घेऊन जायची. माझी आई माहेरी तिनेच जात असे. तो लळा खोटा नव्हता. आणि ती गाडी कोणाच्या गिरणीसाठी बांधली गेली तेही खोटे नाही. मुलांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येतात. मोठ्यांपेक्षा चांगल्या येतात, असा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

हे सगळे पुस्तकात नसल्याने काय बिघडते, ते सांगते. आमच्या भागातल्या मुलाच्या कानावर जन्मापासून दोन शब्द पडतात, ‘मागास’ आणि ‘अनुशेष’. त्याला वाटते आपला भाग मुळातच असा. माती काळी, ऊन कडक, माणसे सुस्त, पीक कापसाचे आणि कर्ज पाचवीला पुजलेले. भूगोलाच्या पुस्तकात ‘कापूस पिकवणारा प्रदेश’ असा पांढरा ठिपका असतो, जणू देवानेच तो तिथे ठेवला. फक्त कापूस पिकवणारा आणि त्याचे काही न करणारा प्रदेश हा बनवला गेला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. बनवलेली गोष्ट बदलता येते, असा विचार मग त्याच्या मनात येणार कुठून?

म्हणून मागणे एवढेच आहे. पुढच्या वेळी धडा लिहाल तेव्हा ‘बुडाले’च्या जागी ‘बुडवले’ लिहा, आणि कोणी, कशासाठी, कोणत्या कायद्याने, ते पुढच्या दोन ओळींत लिहा. पस्तीस दिवसांच्या त्या तीन तारखा एकाच पानावर, एकाखाली एक छापा. कॉटन कमिशनरच्या अहवालातला तो उतारा मराठी करून चौकटीत द्या. साधन म्हणून मुलांनी तो स्वतः वाचावा, शिक्षकाने सांगितले म्हणून मानू नये. बोंडापासून सुतापर्यंतचा प्रयोग उपक्रमात घाला. त्याला एक पैसा खर्च नाही. आणि हा धडा विदर्भाचा म्हणून बाजूला काढू नका. पुण्या-कोल्हापूरच्या, मुंबईच्या मुलांनीही तो शिकावा. मुंबईच्या फोर्ट भागातल्या देखण्या दगडी इमारती ज्या पैशाच्या काळात उभ्या राहिल्या, त्यात आमच्या पऱ्हाटीचा वाटा आहे.

धोट्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. घराचे नाव न देता ते पुस्तकात छापायला त्या घरच्यांची संमती आहे. तो मुलगा आता मोठा झाला आहे, पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरीला आहे. चित्राखाली काय लिहायचे, असे मी त्याला फोनवर विचारले. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “लिहा बाई : धोटा. खामगाव तालुका. माग नाही.”

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. खामगाव, जि. बुलढाणा